नम्रताच्या न मरणाऱ्या गाड्या

माणसाच्या मरणाची तारीख कुणाला ठाऊक नसते आणि ते बरंच आहे. पण नम्रता वानखडे ज्या सॉफ्टवेअरवर पोट भरत होती, त्याचं तसं नव्हतं. परदेशातली काही मंडळी ते तयार करून फुकट वाटत. जगभरचे लहानमोठे रोबो त्याच्या पायावर उभे राहत. नवं व्हर्जन बाहेर पडलं की ते कधी मरणार, हेही त्याच दिवशी जाहीर होई. म्हणजे बारसं आणि तेरावं एकाच पत्रिकेत छापल्यासारखं. पाच वर्षं दुरुस्त्या मिळणार, पुढे कुणी ढुंकूनही बघणार नाही. मग त्यात चोर शिरोत की उंदीर, तुमचं तुम्ही निस्तरा. दर व्हर्जनला एक नवं नाव आणि कासवाचं एक नवं चित्र. आपल्याकडे कासव देवळात गाभाऱ्याबाहेर असतं, या लोकांनी ते थेट गाभाऱ्यात नेऊन बसवलं होतं.

नम्रताच्या वाट्याला आलेलं व्हर्जन २०२५च्या मे महिन्यात मरणार होतं. नव्या सुनेनं माहेरच्या मुराळ्याची वाट पाहावी, तशी ती त्या मे महिन्याची वाट पाहत होती. एकदा ते मेलं की त्यावर चालणाऱ्या जुन्या रोबो-गाड्या बंद होतील, आणि गाड्या बंद झाल्या की आपण सुटू, असा तिचा साधा हिशेब होता.

ती मूळची मूर्तिजापूरची. वडील एस.टी.त ड्रायव्हर, शिक्षण अमरावतीला. इंजिनिअर होऊन पुण्याला आली आणि वारज्याच्या भैरवकृपा रोबोटिक्समध्ये चिकटली. ही कंपनी हिंमतरावांची. हिंमतराव म्हणजे वारजं पुण्यानं गिळलं त्याच्या आधीचा माणूस. ज्वारीच्या रानात सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या आणि मंगल कार्यालयं काढली. हिंमतरावांनी मात्र शेड टाकली. आधी कारखान्यांना लागणाऱ्या ढकलगाड्या बनवल्या, मग त्या ढकलगाड्यांना डोळे आणि अक्कल बसवून आपणहून चालणाऱ्या गाड्या बनवल्या. डोळा म्हणजे पुढच्या बाजूला बसवलेला सेन्सर. अक्कल अर्थात नम्रतासारख्या पोरापोरींची.

हिंमतरावांचा कारभार कागदावर कमी आणि शब्दावर जास्त. गिऱ्हाइकाला गाडी विकताना ते पाठीवर थाप मारून सांगत, "काय बी काळजी करू नगा. बिघडली तर आम्ही कुठं पळून जातोय व्हय? ह्याच मातीतली मानसं हाय आम्ही." गिऱ्हाईक खूश होई. ही मातीतली माणसं म्हणजे नेमकं कोण, हे त्या वेळी नम्रताला समजलं नव्हतं. ती म्हणजे आपणच, हे पुढे हळूहळू तिच्या लक्षात आलं.

सुरुवातीला जुन्या व्हर्जनवर सातआठ जण होते. मग नवं व्हर्जन आलं. ते सगळ्याच बाबतींत वेगळं, त्यामुळे जुनं थोडी डागडुजी करून नवं होईल अशी सोय नव्हती, मुळापासून लिहावं लागणार होतं. कंपनीनं त्यासाठी नवी टीम काढली. एकेक जण तिकडे गेला, एकदोघे हिंजवडीला गेले, एकजण बंगळुरूला. मागे कुणीतरी थांबायला हवं होतं. नवी टीम सांभाळणारा तेजस नम्रताला म्हणाला, "तू थांबतेस का थोडे दिवस?" आणि ती हो म्हणाली. तिला नाही म्हणता येत नसे. आईनं नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता, असं तिला पुढे कैकदा वाटलं.

थोडे दिवस म्हणजे किती, हे पुण्यात विचारायचं नसतं.

जुन्या गाड्यांची गिऱ्हाइकं होती बरीच, पण त्यातले कारखानदार आपसूक नव्या गाड्यांकडे वळले. कारखान्यात सुरक्षेचा अधिकारी असतो, त्याला मेलेलं सॉफ्टवेअर चालत नाही. शेवटी उरला तो मार्केट यार्डातला बद्रीनाथशेठ. त्याचं हळद-मिरचीचं भलं मोठं गोदाम. या टोकाला ट्रक लागायचा, त्या टोकाला थप्पी. मधलं अंतर भैरवकृपाच्या गाड्या पोती घेऊन कापत. गाड्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हमालांनी काम बंद पाडलं होतं. मग ठरलं, चढवायचं-उतरवायचं काम हमालांचं, नुसतं वाहून न्यायचं गाडीचं. टोळीचा मुकादम गेनबा. त्याची पाठ पोत्यांनी वाकली होती, त्यामुळे मधल्या चालण्यातून सुटका झाल्याचं त्याला मनातून बरंच वाटलं असणार. त्यानंतर गाड्यांवर सगळ्यात जास्त जीव त्याचाच.

आणि जीव जडला की आपली माणसं काय करतात? हार घालतात.

दसऱ्याला गेनबाच्या टोळीनं एकूण एक गाडीला झेंडूचा भरगच्च हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी गोदाम उघडलं तर एकही गाडी जागची हालेना. हार बरोबर डोळ्यावर लोंबत होते. गाडीला वाटत होतं, समोर कुणीतरी उभं आहे. ती बिचारी ते कुणीतरी बाजूला व्हायची वाट पाहत उभी राहिली होती.

नम्रता रिक्षा करून धावत गेली. "मामा, हार काढा, लगेच चालतील," ती गेनबाला म्हणाली.

गेनबानं कानाला हात लावला. "घातलेला हार आपन उतरवायचा न्हाय ताई. सुकून पडंल तवा पडंल. अन् शेठ तर रोज घालतो की, तराजूला, गल्ल्याला. आता गाडीला बी घालनार म्हनलाय."

बाहेर ट्रकांची रांग लागली होती. हमालांची मजुरी पोत्यामागे, पोतं हललं नाही तर हात रिकामा. नम्रतानं तिथंच पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप उघडला आणि दुपारपर्यंत एक दुरुस्ती लिहून टाकली. डोळ्यापासून चार बोटांच्या अंतरात जे काही दिसेल ते गाडीनं बघायचंच नाही, एवढीच ती दुरुस्ती. गाड्या हारांसकट डुलत निघाल्या. हमालांनी टाळ्या पिटल्या, शेठनं जिलबी मागवली. नम्रता हळदीनं पिवळी होऊन घरी आली. पुण्यात आल्यापासून इतका आनंद तिला झाला नव्हता.

तेजसनं ते ऐकलं तेव्हा भुवई वर करून तो एवढंच म्हणाला, "छान. म्हणजे गाडीचे डोळे उघडण्यासाठी तू ते मिटलेस." पुणेरी माणूस. शिव्या घालत नाही, पण शिवी खाल्ल्यासारखं वाटतं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घाईत केलेलं काम होतं ते. डोळ्याला अगदी चिकटून हात आला तर तो गाडीला दिसणार नव्हता. तसं कधी झालं नाही, कारण हमालांना गाडीचा अंदाज होता आणि गाडीचा वेग मुंगीचा. पण नव्या व्हर्जनच्या गाडीत असली पळवाट ठेवायला जागाच नव्हती. नवी गाडी डोळ्यासमोर काही लोंबलं की थांबणार म्हणजे थांबणार. आणि तिथंच नम्रताचं घोडं पेंड खात होतं. भैरवकृपाची माणसं नवी गाडी दाखवायला गेली की बद्रीनाथशेठ हसून विचारी, "हार चालतो का?" नाही म्हटलं की म्हणे, "मग राहू द्या. आमच्या जुन्याच सोन्यासारख्या आहेत. आमची नम्रताताई आहे ना."

म्हणजे ज्या कामाबद्दल तिनं जिलबी खाल्ली होती, त्याच कामानं तिच्या दाराला बाहेरून कडी लावली.

वर्षं जात राहिली. तिच्या बरोबरीचे लोक नवनव्या कासवांच्या गोष्टी करत, आणि तिला जेवणाच्या टेबलावर मान हलवण्यापलीकडे काही सुचत नसे. दोनदा तिनं बाहेर मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी विचारलं, नव्या व्हर्जनवर किती अनुभव? ती म्हणाली, घरी शिकलेय. समोरचा माणूस सुस्वभावी होता. तो म्हणाला, घरी आम्हीसुद्धा गिटार शिकलोय. दुसऱ्या ठिकाणी कुणी थट्टा केली नाही, नुसतं कळवतो म्हणाले. वारज्याच्या खोलीवर येऊन ती त्या संध्याकाळी रडली. आपण तरुण आहोत आणि आपली विद्या म्हातारी होऊन मरायला टेकलीय, ह्या विचारानं तिचा जीव गुदमरत होता. कंपनी सोडावी तर दुसरीकडे कुणी घेईना, राहावं तर इथं कुणी सोडेना. घरी बाबांना सांगावं तर ते म्हणत, "पक्की नोकरी हाये न बाई? मंग कायले जीव जाळतं?" एस.टी.त आयुष्य काढलेल्या माणसाला नोकरी पक्की असण्याचं दुःख कसं समजावून सांगायचं?

अखेर तो मे महिना आला. परदेशातल्या मंडळींनी ठरल्याप्रमाणे जुन्या व्हर्जनचं नाव जिवंतांच्या यादीतून काढून टाकलं. नम्रतानं त्या दिवशी केस धुतले, चांगला कुर्ता घातला आणि तेजसच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय? ते मेलं. शेठच्या गाड्या कुठे मेल्यात?" तेजसनं खुर्ची दाखवली. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा सरळ बोलला. "हे बघ, मला तू टीममध्ये हवी आहेस. खरंच हवी आहेस. शेठनं नव्या गाड्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी ये. आणि घेत नसेल तर सोपा उपाय आहे. पुढच्या अपडेटमध्ये ती तुझी हाराची दुरुस्ती काढून टाक. गाड्या थांबतील. मग येईल आपणहून. तसंही ती दुरुस्ती चूकच आहे, त्यामुळे तुला पाप लागणार नाही."

हे शेवटचं वाक्य तिला लागलं, कारण ते बरोबर होतं. तिनं तसं अपडेट तयारही केलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ती मार्केट यार्डात गेली. नवी हळद यायची ती गर्दीची वेळ, बाहेर ट्रकांची रांग, आत माणसांचा कल्ला. गाड्या रोजच्यासारख्या हार घालून फिरत होत्या. एक बटण दाबायचं की ती मोकळी. गेनबानं तिला बघून आपल्या पंच्यानं एक पोतं झटकलं आणि बसायला दिलं. "च्या सांगू का ताई?"

तिच्यानं बटण दाबवलं नाही. टोळीची आजची मजुरी बुडवून आपली सुटका करून घ्यायची हे तिच्या गळी उतरेना. पण नुसतं उठून परत जायचंही तिनं नाकारलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला तरी नाही म्हणाली, तेही स्वतःलाच. तिनं शेठला हाक मारली आणि गेनबालाही जवळ बसवलं.

"शेठ, खरं सांगते. मी त्या वेळी चूक केली," ती म्हणाली. "गाडीला डोळ्याजवळचं दिसू नये असं केलंय मी. उद्या कुणाचा हात आला तर गाडी थांबणार नाही. नवी गाडी थांबते, ती बरोबर आहे. तुम्ही हार मागच्या बाजूला घाला आणि नवी गाडी घ्या."

बद्रीनाथशेठनं चष्म्यावरून पाहिलं. "देवाच्या पाठीला हार घालतात का, ताई?"

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, आणि त्या रागात तोंडून निघून गेलं, "आणि डोळ्यांवर घालतात का, शेठ? हार गळ्यात घालतात."

मग गेनबा उठला, चालत्या गाडीबरोबर चालत तिला नीट न्याहाळून आला. गाडीच्या मागच्या अंगाला एक उभा दांडा होता, त्याच्या टोकाला लाल दिवा. गेनबानं दिव्याकडे बोट दाखवलं. "हे तिचं डोस्कं. मग त्याच्या खालचा दांडा म्हंजी मान. शेठ, पोरगी बराबर बोलतीया. आपनच येड्यावानी डोळ्यावर घालत व्हतो."

शेठ हसत सुटला. बाजारातल्या माणसाला पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की तो दुसरा दिवस उजाडू देत नाही. आठवड्याभरात तशाच दांड्याची नवी गाडी चाचणीला आली, गेनबानं स्वतः तिच्या गळ्यात हार घातला आणि ती सुरळीत चालली. शेठनं सगळ्याच्या सगळ्या नव्या गाड्यांची ऑर्डर दिली. तेजसनं नव्या टीमच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवलं. एरवी तो स्वतःचं टेबलसुद्धा पुसत नसे. नम्रतानं मंडईतून टोपलीभर आंबे आणले आणि सगळ्या ऑफिसला वाटले. जुन्या गाड्यांचा कोड असलेल्या फोल्डरकडे तिनं शेवटचं बघून घेतलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. पाठीवरून पोतं उतरल्यासारखं झालं.

नव्या गाड्या पोचल्या त्या दिवशी हिंमतरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा असा खुललेला, जणू घरात सोयरीक जुळली होती.

"बस, बस. तू मोठं काम केलंस. शेठ लई खूश हाय. अन् दुसरी खुशखबर ऐक. त्याच्या जुन्या गाड्या बी विकल्या गेल्या."

नम्रताला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "विकल्या? साहेब, त्या तर भंगारात जाणार होत्या ना?"

"चालती गाडी भंगारात कोन घालतं?" हिंमतरावांना तो विचारच अभद्र वाटला. "शेठच्या ओळखीचा दालमिलवाला हाय, त्यानं समद्या उचलल्या. मी बी शब्द दिला, गाड्या आमच्याच हायेत, बघून घेऊ. आता बैल विकला तरी त्याची खोड नव्या मालकाला सांगावी लागती का न्हाय? अन् ह्या बैलांची खोड तुझ्याबिगर कुनाला म्हाईत हाय?"

"साहेब, त्या सॉफ्टवेअरला आता जगात कुणी वाली नाही."

"म्हनून तर तू लागतीस," हिंमतराव प्रेमानं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कपटी माणसाशी भांडता येतं. "थोडे दिवस बघ. अन् तुझ्या फायद्याचंच हाय बघ. दालमिल अकोल्याला हाय. तुझ्याच मुलखातली मानसं, बोली बी जुळंल."

बाहेर आली तेव्हा तेजसला कळलेलं होतं. तो काही टोमणा मारील असं तिला वाटलं, पण त्यानं नुसतं खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं. नम्रता जिन्यात येऊन उभी राहिली. राजीनामा द्यावा, तडक निघून जावं, काहीही करावं, पण ह्या गाड्यांचं तोंड पुन्हा बघू नये, असं तिला आतून वाटत होतं. अकोला! मूर्तिजापूरपासून हाकेच्या अंतरावर. पुण्यात कोंडलं होतं ते कमी होतं म्हणून आता गावाची वाटही अडवली. पळून जायचं तर कुठे जायचं?

तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते, आणि आवाजात असा उत्साह की जणू आज निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना गाडी चालवायला दिलीय.

"अवो बाई, अकोल्याच्या दालमिलात तुह्या कंपनीच्या गाड्या येऊन राहिल्या म्हनते! आपल्या गावचा बापूराव तिथीच हाये न मॅनेजर. म्या त्याले सांगतलं, अरे, ते गाड्या माह्या पोरीनंच सांभाळल्या, तिच्याबिगर कोनाचंच ऐकत नाई त्या. असा खूश झाला तो! म्या तुहा नंबर देल्ला त्याले. रातबेरात कवाही लाव म्हटलं, आपली पोरगी नाई म्हननारी नोहे."

"बाबा," नम्रता म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "त्या गाड्या मेलेल्या आहेत हो. त्यांचं आयुष्य संपलंय. मला नकोत त्या."

पलीकडे बाबा मनापासून हसले. पोरगी थकलीय, म्हणून असं बोलतेय, एवढंच त्यांना कळलं.

"मेल्या कुठी, येडे? तू हायेस न अजून."